कंपन्या आल्या म्हणून गिधाडं गेली?

समजा, तुम्ही चाकणजवळच्या एखाद्या गावात मुलाखती घेताय आणि एक आजोबा म्हणाले, "कंपन्या आल्या अन् गिधाडं गेली." तारखा जुळतातही. चाकणचा बजाजचा कारखाना 1999 चा. पांढऱ्या पाठीचं गिधाड जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' ठरलं 2000 साली. झालं, लिहायचं का प्रकरण?

थांबा. आधी जुना पुरावा बघू. कर्नल साइक्स मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करत दख्खनभर फिरला. त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी 1832 मध्ये लंडनला छापली गेली. तिच्यात गिधाडं आहेत. पण यादी फक्त 'होती' एवढंच सांगते, किती होती ते नाही. रोज दिसणारा पक्षी मोजायचं कुणाच्या डोक्यात येतं?

विभू प्रकाश यांच्या आलं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात त्यांनी 1980 च्या दशकात या गिधाडाची 353 घरटी मोजली होती. 1996-97 मध्ये पुन्हा मोजली, तर 150. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीची रस्त्यांवरची मोजणी पुन्हा केली. 2007 पर्यंत देशभरातली घट 99.9 टक्के निघाली. म्हणजे हजारात एक उरलं!

आता आजोबांचं वाक्य याच्याशेजारी ठेवा. केवलादेव तर राष्ट्रीय उद्यान, तिथे कुठली एमआयडीसी? नेपाळ आणि पाकिस्तानातही साधारण त्याच काळात गिधाडं मरत होती. म्हणजे कारण या सगळ्या ठिकाणी पोचलेलं हवं. आधी संशय विषाणूवर होता. 2004 मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून दाखवलं, की खरं कारण डायक्लोफेनॅक. जनावरांना द्यायचं साधं वेदनाशामक. इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेलं, तर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. एका मढ्यावर डझनावारी गिधाडं उतरतात, म्हणून शंभरात एखादं मढंसुद्धा पुरेसं.

चाकणचा जनावरांचा बाजार तुम्हाला माहीत असेलच. म्हणजे एमआयडीसीच्या भूसंपादनाच्या फायली चाळण्याआधी गुरांच्या दवाखान्याची रजिस्टरं शोधायला हवीत. (कारखान्यांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाहीये. घरट्यांची मोठी झाडं आणि ढोरं टाकायच्या जागा कुठे गेल्या, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तोही चांगला आहे.)

भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी घातली. तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून 2015 पासून फक्त 3 मिलीची कुपी. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. गिधाड मात्र अजून 'अतिसंकटग्रस्त'च आहे.

आजोबांचं वाक्य खोडू नका, जसंच्या तसं वहीत उतरवा. आणि पुढच्या फेरीत त्यांना विचारा: "बाबा, तेव्हा मेलेली ढोरं कुठं टाकायचा? आणि गुरांना दुखण्याचं इंजेक्शन पहिल्यांदा कधी दिलं?"