कोल्व्हिलिया: गुलमोहराच्या दुर्मीळ भावंडाची लागवड आणि निगा

गुलमोहर ओळखीचा नाही असा माणूस कोकणपट्टीत शोधूनही सापडणार नाही. साताऱ्यात तर 1 मे हा दिवस ‘गुलमोहर दिन’ म्हणून साजरा होतो. याच गुलमोहराचे एक जवळचे भावंड मात्र आपल्याकडे जवळजवळ अनामिक राहिले आहे. पावसाळा सरत आला, की त्याच्या फांद्यांच्या टोकांवरून केशरी कळ्यांचे भरगच्च घोस द्राक्षांप्रमाणे खाली लोंबू लागतात. या वृक्षाचे शास्त्रीय नाव कोल्व्हिलिया रेसिमोझा. मुंबई-पुण्याच्या जुन्या उद्यानांत आणि काही रस्त्यांच्या कडेला तो तुरळक दिसतो. एरवी तो फुलांवाचून गुलमोहरासारखाच भासत असल्याने बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. हिंदी नावांच्या सूचींत त्याचे ‘किलबिली’ असे नाव आढळते; मराठीत त्याला सर्वमान्य नाव अद्याप रुळलेले नाही.

मूळ आणि नामकरण

कोल्व्हिलिया हा आफ्रिकेच्या पूर्वेस असलेल्या मादागास्कर बेटाचा रहिवासी. बेटाच्या पश्चिम व नैर्ऋत्य भागांतील कोरड्या पानझडी वनांत तो नैसर्गिकरीत्या वाढतो. वेन्झेल बोयर या बोहेमियात जन्मलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची शास्त्रीय ओळख जगाला करून दिली. बोयर 1821 मध्ये मॉरिशसला आले आणि तेथूनच त्यांनी मादागास्करच्या वनस्पतींचा अभ्यास केला. गुलमोहराचे पहिले शास्त्रीय वर्णनही त्यांच्याच नावावर आहे. 1834 मध्ये त्यांनी या वृक्षास, मॉरिशसचे गव्हर्नर राहिलेले सर चार्ल्स कोल्व्हिल यांच्या गौरवार्थ, कोल्व्हिलिया हे नाव दिले. ‘रेसिमोझा’ हे विशेषण घोसाने येणाऱ्या फुलांवरून आले असून, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ द्राक्षांचा घड असा आहे.

शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील कोल्व्हिलिया या प्रजातीत ही एकच जाती आहे. गुलमोहराची डीलॉनिक्स प्रजाती आणि मादागास्करमधीलच लेम्युरोपिसम हे तिचे सर्वांत निकटचे नातेवाईक होत. एकाच बेटावरून, एकाच संशोधकाच्या हातून प्रकाशात आलेल्या दोन वृक्षांपैकी एक उष्ण कटिबंधातील प्रत्येक शहरात पोहोचला आणि दुसरा मोजक्या बागांपुरता उरला.

ओळख कशी पटवावी

कोल्व्हिलिया 15 ते 20 मीटरपर्यंत वाढतो. गुलमोहराची छत्री आडवी पसरते. याचा बांधा त्या मानाने अधिक उभा असतो. पाने गुलमोहराप्रमाणेच द्विपिच्छाकृती, म्हणजे पिसासारखी दोनदा विभागलेली, परंतु आकाराने अधिक लांब असतात. कोरड्या दिवसांत वृक्ष काही काळ निष्पर्ण होतो.

खरी ओळख फुलांवरून आणि शेंगांवरून पटते. गुलमोहराची फुले पाकळ्या पसरून उघडतात. कोल्व्हिलियाच्या गोलसर, मखमली कळ्या दाटीने एका लोंबत्या मंजिरीवर येतात आणि त्या टोकाकडे क्रमाने उमलत जातात. उमललेले फूलही पूर्ण पसरत नाही. जाड केशरी निदलांतून पिवळसर पुंकेसरांचा झुबका तेवढा बाहेर डोकावतो. मधासाठी शिंजीरांसारखे पक्षी या घोसांकडे येतात. आपल्याकडे बहर साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतो. गुलमोहराची शेंग लांब, चपटी, तलवारीसारखी असते. कोल्व्हिलियाची शेंग आखूड, फुगीर आणि काष्ठमय असते. रोपवाटिकेतून रोप घेताना या दोहोंत गल्लत होण्याचा संभव मोठा असल्याने, शक्य असल्यास बी कोणत्या झाडाचे आहे हे शेंग पाहूनच निश्चित करावे.

जमीन: जांभा आणि काळी माती

कोरड्या वनांत घडलेल्या या वृक्षाला भरपूर ऊन हवे आणि मुळांशी साचलेले पाणी नको. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे येथे पाऊस किती पडतो यापेक्षा पडलेले पाणी किती लवकर निचरून जाते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. जांभ्या दगडाचा डोंगरउतार किंवा उंचवट्यावरील परसबाग ही त्याची योग्य जागा. खाजनाची खारट, सखल जमीन त्याला मानवणार नाही. कुळागराच्या दाट सावलीत तो उंच, कृश वाढेल आणि फुलणार नाही.

जांभ्यात मात्र एक धोका दडलेला असतो. कठीण थरात खोदलेला चौकोनी खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो आणि रोपाची मुळे त्यात कुजतात. नेमकी हीच अडचण पश्चिम किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, अगदी भिन्न मातीत दिसते. सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुका हे तिचे बोलके उदाहरण. तेथे पाऊस गोव्याच्या निम्म्याहूनही कमी. पण जमीन काळी, चिकण आणि उकाई-काकरापार कालव्यांच्या पाण्यावर उसाखाली भिजणारी. अशा मातीत खोदलेल्या खड्ड्यात केवळ वाळू व खत भरले, तर भोवतालच्या घट्ट मातीतून पाणी त्या मोकळ्या भरावात उतरते आणि तेथेच साठते. उन्हाळ्यात हीच माती भेगाळून कोवळी मुळे तोडते.

दोन्ही ठिकाणी उपाय एकाच विचारातून निघतात. जांभ्यात खड्ड्याचा तळ व कडा पहारीने फोडून पाण्याला उतरणीकडे वाट करून द्यावी. काळ्या जमिनीत खोल खड्ड्याऐवजी सुमारे 45 सेंटिमीटर उंचीचा रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे, कडेने चर काढावा आणि उन्हाळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालून भेगा पडू देऊ नयेत. ओलिताच्या शेताच्या बांधापासून तर रोप दूरच ठेवावे.

बियांपासून रोप

या वृक्षाची अभिवृद्धी मुख्यतः बियांपासून होते. शेंगा झाडावर पूर्ण वाळल्यावरच गोळा कराव्यात. बियांचे कवच कठीण असल्याने त्या तशाच पेरल्यास उगवण रेंगाळते. बी जेथे शेंगेला चिकटलेले असते, त्याच्या विरुद्ध बाजूस सँडपेपरने किंवा कानशीने कवच हलकेच घासावे. आतील गर दुखावू नये. नंतर बी 12 ते 24 तास कोमट पाण्यात भिजवावे. फुगलेल्या बिया लगेच पेराव्यात. न फुगलेल्या पुन्हा घासून भिजवाव्यात.

पेरणीसाठी माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्यावे. सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून उथळ ट्रेपेक्षा लांब पिशवी बरी. बी दीड-दोन सेंटिमीटर खोल पेरावे व माती ओलसर ठेवावी, चिखल करू नये. पिशवीतून बाहेर पडून गुंडाळू लागलेली मुळे पुढे वृक्षाचा पाया कमकुवत करतात; त्यामुळे रोप पिशवीत वर्षानुवर्षे अडकवून ठेवू नये.

लागवड व पहिली वर्षे

गोव्यात जूनमधील पहिल्या सरींनंतर, पण मुसळधार पावसापूर्वी लागवड करावी. इमारत, वीजवाहिनी आणि कुंपणभिंत यांपासून किमान 8 ते 10 मीटर अंतर ठेवावे. पूर्ण वाढलेल्या वृक्षाचा विस्तार पाहता अरुंद पदपथ ही त्याची जागा नव्हे. तेथे लावलेला वृक्ष पुढे फांद्या छाटून विद्रूप केला जातो किंवा तोडलाच जातो.

शेंगावर्गीय वृक्ष हवेतील नत्र जमिनीत आणतात, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि गुलमोहराच्या गोतातील वृक्षांच्या मुळांवर त्यासाठी लागणाऱ्या गाठी सहसा आढळत नाहीत. त्यामुळे खताची गरज नाही असे समजू नये. पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट बुंध्यापासून थोडे दूर, वर्तुळात द्यावे. नत्राचा अतिरेक मात्र टाळावा; त्याने पानोळा वाढतो आणि बहर लांबतो.

पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून एकदा-दोनदा खोलवर पाणी द्यावे. रोज शिंपडलेले थोडे पाणी मुळांना वरच्या थरातच रोखून धरते. वाऱ्याच्या जागी काठीचा आधार द्यावा, पण बांधलेली दोरी खोडात रुतू देऊ नये. एक मुख्य शेंडा राखून त्याच्याशी स्पर्धा करणारी फांदी कोवळेपणीच काढावी. छाटणी कोरड्या हवामानात करावी. पावसात उघड्या जखमेतून कूज शिरते. बुंध्याशी वाळवीची माती दिसल्यास ती खरवडून निंबोळी पेंड मिसळावी. पाने अकारण पिवळी पडू लागली, तर खतापूर्वी निचरा तपासावा. बियांपासून वाढवलेले झाड फुलावर यायला काही वर्षे घेते. तोवर संयम राखणे, हाही निगेचाच भाग होय.

लावावा कुठे, जपावा कसा

कोल्व्हिलिया हा परदेशी वृक्ष आहे. वनीकरणासाठी किंवा जंगलाच्या सीमेवर पळस, पांगारा, बहावा, ताम्हण हे देशी वृक्षच योग्य. कोल्व्हिलियाची जागा उद्यानात, शाळा-महाविद्यालयांच्या प्रशस्त आवारात किंवा मोठ्या परसात आहे.

आधीच असलेला वृक्ष ओळखणे हे नवा लावण्याइतकेच मोलाचे आहे. एखाद्या गावी कोल्व्हिलियाचा एकच वृक्ष असेल, तर त्या परिसरातील बियांचा तो एकमेव साठा ठरतो. रस्ता रुंद करताना ‘गुलमोहरासारखे काहीतरी’ म्हणून तो तोडला गेला, तर पुढची रोपे कोठून आणावीत, हा प्रश्न उरतो. गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्षतोडीसाठी वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. पण अर्जात वृक्षाचे नावच चुकीचे पडले, तर त्याची दुर्मिळता कोणाच्या लक्षात येणार? म्हणून अशा वृक्षावर नावाची पाटी लावावी, वृक्षगणनेत त्याची अचूक नोंद करवून घ्यावी आणि दरवर्षी थोडे बी जमवून रोपे दोन-तीन निरनिराळ्या ठिकाणी वाढवावीत. जोडीला दुसरा वृक्ष उभा राहिला, की पहिल्याच्या नशिबावर सारे काही अवलंबून राहत नाही.