संगणकाला 'आहे' शिकवताना

पुढील तीन विधाने फळ्यावर लिहून पाहा. 'हा प्राणी वाघ आहे.' 'वाघ हा सस्तन प्राणी आहे.' 'वाघ ही दुर्मीळ जाती आहे.' पहिल्या दोन विधानांवरून 'हा प्राणी सस्तन आहे' असे अनुमान निघते आणि ते बरोबर असते. पण पहिल्या व तिसऱ्या विधानांवरून त्याच रीतीने 'हा प्राणी दुर्मीळ जाती आहे' असे म्हटले, तर सातवीतले मूलही हसेल. एक प्राणी म्हणजे जाती नव्हे, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवलेले नसते. संगणकाला मात्र ते शिकवावे लागते. तिन्ही विधानांत शब्द एकच, 'आहे'. पण त्याची कामे वेगवेगळी. ती कामे वेगळी करण्याचा इतिहास मोठा रंजक आहे.

त्याची सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करता येईल. सर्व 'अ' हे 'ब' असतील आणि सर्व 'ब' हे 'क' असतील, तर सर्व 'अ' हे 'क' असतात, हा नियम त्याने इ. स. पूर्व चौथ्या शतकात मांडला. लिनियसने अठराव्या शतकात सजीवांची जाती, प्रजाती, गण, वर्ग अशी उतरंड रचली, तिच्यामागेही हाच विचार आहे. एखादा प्राणी सस्तन वर्गात बसला, की त्या वर्गाची सर्व लक्षणे त्याला आपोआप लागू होतात. ती पुन्हा लिहावी लागत नाहीत.

परंतु 'हा वाघ आहे' आणि 'वाघ सस्तन असतो' या विधानांतील फरक चिन्हांनी दाखवण्याची सोय बराच काळ नव्हती. इटलीतील तुरिन येथील गणिती ज्युसेप्पे पेआनो याने १८८९ साली 'संचाचा घटक असणे' यासाठी एप्सिलॉन हे वेगळे चिन्ह वापरले. ग्रीक भाषेत 'आहे' या अर्थाचा जो शब्द आहे, त्याचेच ते आद्याक्षर. 'घटक असणे' आणि 'उपसंच असणे' यांची दोन वेगळी चिन्हे आज शाळेतील मुलेही शिकतात. घटकाचा घटक हा मूळ संचाचा घटक असेलच असे नाही. उपसंचाचा उपसंच मात्र नेहमीच उपसंच असतो. वाघाच्या कोड्याचे उत्तर यातच आहे. 'सस्तन' हा वाघांच्या संचाला सामावून घेणारा मोठा संच आहे. 'दुर्मीळ जाती' या संचाचे घटक मात्र प्राणी नसून जाती आहेत.

आता संगणकाकडे वळू या. १९६०च्या दशकात अमेरिकेत रॉस क्विलियन याने शब्दांचे अर्थ संगणकात जाळ्याच्या रूपाने साठवण्याची कल्पना मांडली. कॅनरी हा पक्षी, पक्षी हा प्राणी, अशा गाठी रेषांनी जोडायच्या. 'त्वचा असते' हे लक्षण फक्त 'प्राणी' या गाठीपाशी लिहायचे. कॅनरीला ते वरून मिळते. माणसाची स्मरणशक्तीही अशीच चालते का, हे १९६९ साली ॲलन कॉलिन्स आणि क्विलियन यांनी प्रयोगाने तपासले. 'कॅनरी पिवळी असते' हे खरे की खोटे ते सांगण्यापेक्षा 'कॅनरीला त्वचा असते' याचे उत्तर देण्यास लोकांना थोडा अधिक वेळ लागला. पुढच्या प्रयोगांतून माणसाच्या मनाचे चित्र याहून गुंतागुंतीचे असल्याचे दिसले, पण संगणकशास्त्राला ही जाळी फार आवडली.

लवकरच घोटाळे सुरू झाले. जो तो आपापल्या जाळ्यात 'आहे'ची रेघ ओढी आणि तिचा अर्थ आपल्या मनाप्रमाणे लावी. १९७५ साली विल्यम वुड्स यांनी या रेघांचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न विचारला. १९८३ साली रोनाल्ड ब्रॅकमन यांनी एका लेखात 'आहे'चे निरनिराळे अर्थ वेगळे करून दाखवले. त्यांनीच विकसित केलेल्या 'केएल-वन' या पद्धतीत वर्गाची व्याख्या अवयव पाडून लिहिता येई. समजा, आपण लिहिले : चारही कोन काटकोन असलेला चौकोन म्हणजे आयत, चारही कोन काटकोन व चारही बाजू समान असलेला चौकोन म्हणजे चौरस. 'चौरस हा आयत असतो' हे कोठेही लिहिलेले नाही. संगणक दोन व्याख्या ताडून ते स्वतःच शोधून काढतो. जे विधान मुलांना पटवताना आपली दमछाक होते, ते यंत्राला व्याख्येतून आपोआप मिळते.

या सोयीला किंमत होती. १९८४ साली ब्रॅकमन आणि हेक्टर लेव्हेक यांनी दाखवले, की व्याख्या लिहिण्याच्या एका साध्या भाषेत केवळ एक रचना वाढवली, तरी अनुमानाचे काम इतके अवघड होते, की त्यासाठी जलद रीत माहीत नाही. १९८९ साली जर्मनीतील मानफ्रेड श्मिट-शाउस यांनी सिद्ध केले, की केएल-वनच्या पूर्ण भाषेत प्रत्येक वेळी उत्तर देईल अशी रीत असूच शकत नाही. म्हणजे भाषा जितकी समर्थ, तितके अनुमान कठीण. त्यानंतरचे संशोधन या दोहोंतील तडजोड शोधण्याचे आहे. त्यातूनच २००४ साली 'आउल' ही प्रमाणित भाषा आली. अशा भाषेत लिहिलेल्या, एखाद्या विषयातील संकल्पनांच्या व त्यांच्या संबंधांच्या काटेकोर मांडणीला 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात.

हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. २००२ साली अमेरिकेतील व ब्रिटनमधील दोन वैद्यकीय संज्ञासंग्रह एकत्र करून 'स्नोमेड सीटी' तयार झाला. त्यात तीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. भारतही २०१४ पासून त्याच्या संघटनेचा सभासद आहे. या संग्रहात एक विचित्र अनुमान निघत असे : बोट कापून काढण्याची शस्त्रक्रिया ही पंजा कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रकार ठरे! पंजा गमावलेल्या रुग्णांची यादी मागितली, तर फक्त बोट गमावलेलेही तीत यायचे.

असे का व्हावे? बोट हा पंजाचा प्रकार नाही, तो पंजाचा भाग आहे. पण बोटाची इजा ही पंजाची इजा ठरावी, म्हणून रचनाकारांनी 'भाग' हा संबंध युक्तीने 'प्रकार' या संबंधाच्या उतरंडीत बसवला होता. इजेच्या बाबतीत ती युक्ती बरोबर चालली. कापून काढण्याच्या बाबतीत फसली. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे फ्रान्झ बाडर आणि त्यांच्या सहकाऱ्याने चुकीच्या अनुमानाला नेमकी कोणती विधाने कारणीभूत आहेत, हे शोधणारी रीत २००८ साली या संग्रहावर चालवून दाखवली. यंत्राचा तर्क बिनचूक होता. चूक त्याला सांगितलेल्या गोष्टीत होती. 'भाग' हा वेगळा संबंध म्हणून मांडला आणि तो कोठे पुढे न्यायचा हे स्पष्ट सांगितले, की घोटाळा मिटतो.

शिक्षकांना यातून एक चांगला उपक्रम मिळतो. विज्ञानाच्या पुस्तकातील एक पान घ्यावे आणि 'आहे' किंवा 'असतो' असलेली वाक्ये मुलांकडून वेचून घ्यावीत. प्रत्येक ठिकाणी 'घटक', 'प्रकार', 'भाग' की 'व्याख्या' हे ठरवायला सांगावे. 'पाकळी हा फुलाचा भाग आहे' आणि 'जास्वंद हे फूल आहे' यांतला फरक चटकन कळेल. पण 'पाणी हे संयुग आहे' येथे वाद होईल, आणि तो होऊ द्यावा. संगणकाला शिकवण्यासाठी शास्त्रज्ञांना जो प्रश्न दशकानुदशके सोडवावा लागला, तो तेव्हा मुलांच्या हाती आलेला असेल.