मांजर दिसण्याआधी

'स्ट्रेज' हा चित्रपट १९९१ साली अमेरिकन टीव्हीवर आला. आडबाजूच्या घरात राहायला गेलेलं एक कुटुंब आणि त्यांच्यावर उठलेली रानटी मांजरं, एवढीच गोष्ट. मांजरं समोर आली की भीती जरा उतरतेच. कितीही चिडलं तरी ते देखणं जनावर. अंगावर काटा येतो तो त्याआधी, ती कुठे दबा धरून बसली आहेत हे कळत नाही तेव्हा. घाबरवण्याच्या या रीतीचं मूळ शोधायला जवळजवळ ५० वर्षं मागे जावं लागतं.

वाटेत १९६९चा 'आय ऑफ द कॅट' लागतो. पटकथा 'सायको'वाल्या जोसेफ स्टेफानोची, तरी भिस्त मांजरांच्या संख्येवर. गर्दी वाढते तशी भीती पातळ होते. १९७९च्या 'एलियन'ने मांजर फार जाणतेपणाने वापरलं. जोन्स हे यानातलं पाळीव मांजर. त्याला शोधायला यानावरचा कर्मचारी ब्रेट एकटा जातो, जोन्स फिसकारतं आणि ब्रेटला उमगतं की आपल्या मागे काहीतरी आहे. हे फिसकारणं मिळवायला आडोशामागे जर्मन शेफर्ड कुत्रा आणून ठेवला होता. आडोसा हटला की मांजर बिथरे. तो अभिनय नव्हता, खरीच भीती होती. मांजर कान पाडून फिसकारतं ते बहुधा स्वतः घाबरल्यामुळे. त्याचा तो धसकाच भयपटांनी उचलून आपल्या अंगावर सोडला.

मूळ सापडतं १९४२च्या 'कॅट पीपल'मध्ये. आरकेओ स्टुडिओने निर्माता व्हॅल ल्यूटनच्या हाती आधी नुसतं नाव दिलं आणि जोडीला तुटपुंजा पैसा. त्यातून दिग्दर्शक जाक तुर्नरने हा प्रसंग उभा केला: नायकाची सहकारी अ‍ॅलिस रात्री सेंट्रल पार्कच्या भिंतीलगत एकटी चालली आहे. मागून इरेनाच्या, म्हणजे आपण बिबट्या होतो असं मानणाऱ्या त्याच्या बायकोच्या, टाचांचा आवाज. दिव्याखालचा उजेड, मग अंधार, पुन्हा उजेड. संगीत अजिबात नाही. एकाएकी टाचा थांबतात. अ‍ॅलिस घाबरून पळू लागते, आणि जनावराने झेप घ्यावी तशी फुत्कारत चौकटीत घुसते ती बस! संकलक मार्क रॉबसनचा हा जोड इतका अचूक बसला की अशा फसव्या धक्क्याला सिनेमावाले अजून 'ल्यूटन बस' म्हणतात.

पुढच्यांनी बसच्या जागी कपाटातून उडी मारणारं मांजर आणलं. धक्का ठेवला, पण त्याआधीचं ते लांबलचक चालणं गाळलं, आणि जीव तर त्या चालण्यात होता.

स्टुडिओच्या हट्टापायी 'कॅट पीपल'मध्येही काळा बिबट्या दाखवावा लागलाच. ऑफिसातल्या प्रसंगात तुर्नरने तो अंधारात जमेल तितका दडवला. तरणतलावाच्या प्रसंगात मात्र त्याने मनासारखं केलं. पाण्यात अडकलेल्या अ‍ॅलिसभोवती भिंतींवर जी सावली फिरते, ती त्याने स्वतःच्या मुठीने पाडली होती.