शॅनन–वीव्हर प्रतिमान

संज्ञापनाचे सर्वाधिक परिचित एकरेषीय प्रतिमान. संदेश एका टोकाला निघतो, माध्यमातून प्रवास करतो आणि दुसऱ्या टोकाला पोहोचतो, अशी त्याची एकाच दिशेची मांडणी आहे. अमेरिकन गणितज्ञ व अभियंते क्लॉड एलवुड शॅनन (१९१६–२००१) यांनी बेल टेलिफोन प्रयोगशाळेत काम करीत असताना लिहिलेल्या प्रदीर्घ निबंधात ते प्रथम आले. हा निबंध ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’च्या जुलै व ऑक्टोबर १९४८ च्या अंकांत दोन भागांत छापला गेला. पुढच्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाने तो पुस्तकरूपाने काढला. त्यात रॉकफेलर फाउंडेशनमधील वैज्ञानिक वॉरन वीव्हर (१८९४–१९७८) यांचे विवेचन जोडलेले होते, म्हणून प्रतिमानाला दोघांचे नाव मिळाले. आकृती मात्र शॅनन यांचीच आहे.

या आकृतीत माहितीस्रोत, प्रेषक, वाहिनी, ग्राही आणि गंतव्य असे पाच घटक आहेत. वाहिनीवर बाहेरून गोंगाटाचा बाण येतो. दूरध्वनीवरील संभाषणात बोलणारी व्यक्ती हा स्रोत. ध्वनीचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे यंत्र हा प्रेषक, तार ही वाहिनी, संकेतातून पुन्हा ध्वनी काढणारे पलीकडचे यंत्र हा ग्राही आणि ऐकणारी व्यक्ती हे गंतव्य. प्रेषक व ग्राही म्हणजे माणसे नव्हेत, हे येथे लक्षात घ्यायला हवे. ती संकेतन आणि विसंकेतन करणारी साधने आहेत. अनेक पाठ्यपुस्तकांत बोलणाऱ्यालाच प्रेषक म्हटलेले असते. तेथे मूळ आकृतीतील दोन चौकटी एक होतात आणि संकेतनाची पायरीच नजरेआड होते.

शॅनन यांच्या मांडणीचे खरे सामर्थ्य चौकटींत नाही, मोजमापात आहे. त्यांनी माहितीची सांगड अनिश्चिततेशी घातली. जे येणार हे आधीच ठाऊक आहे, त्यातून माहिती मिळत नाही. नाणेफेकीचा कौल कळला की एक बिट माहिती मिळते. सारख्याच संभाव्य अशा आठ शक्यतांपैकी एक कळली की तीन बिट. राल्फ हार्टली यांनी १९२८ मध्ये या दिशेने पाऊल टाकले होते. शॅनन यांनी शक्यता कमीअधिक असतानाही लागू पडणारे सूत्र दिले आणि ‘बिट’ हे एकक छापील लेखनात आणले.

कोणतीही भाषा याच दृष्टीने पाहता येते. ‘महाराष्’ एवढी अक्षरे वाचली की पुढचे अक्षर जवळपास ठरलेले असते. ते गाळले तरी वाचक अडत नाही. साध्या इंग्रजी मजकुरात असा अनुमेय भाग सुमारे निम्मा असतो, असा शॅनन यांचा १९४८ मधील अंदाज होता. हा वरकरणी फाजील भाग गोंगाटाच्या वेळी उपयोगी पडतो. फोनवर आवाज खरखरत असताना ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत गफलत होते. मग सांगणारा ‘एकोणसाठ, पाच नऊ’ असे दोनदा, दोन रीतींनी सांगतो. वेळ थोडा जास्त लागतो, पण आकडा बिनचूक पोहोचतो.

अशी पुनरुक्ती नेमकी किती लागते, याचे उत्तर हा शॅनन यांचा सर्वांत मोठा शोध. चूक कमी करायची तर प्रेषणाचा वेग उतरवतच न्यावा लागेल, अशी तोवरची समजूत होती. प्रत्येक वाहिनीला ठरावीक क्षमता असते आणि वेग तिच्या आत ठेवला तर योग्य संकेतनाने चुकीचे प्रमाण हवे तितके खाली आणता येते, हे शॅनन यांनी सिद्ध केले. ३,००० हर्ट्‌झ पट्टारुंदीच्या वाहिनीत संकेताची शक्ती गोंगाटाच्या हजारपट असेल, तर त्यांच्या सूत्रानुसार ही क्षमता सेकंदाला सुमारे ३०,००० बिट येते. असे संकेतन शक्य आहे एवढेच या सिद्धतेने कळले. ते प्रत्यक्षात कसे करायचे, हे शोधण्यात पुढच्या पिढ्या गुंतल्या. रिचर्ड हॅमिंग यांचे चूक दुरुस्त करणारे संकेत १९५० मध्ये प्रसिद्ध झाले, रीड व सॉलोमन यांचे १९६० मध्ये. भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड थोडा मळला वा फाटला तरी मोबाइल तो वाचतो, तो रीड–सॉलोमन संकेतनामुळे. त्याच्या सर्वांत भक्कम पातळीत सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो.

संदेशाचा अर्थ हा अभियांत्रिकीच्या प्रश्नाचा भाग नाही, असे शॅनन यांनी निबंधाच्या सुरुवातीलाच बजावले होते. वीव्हर यांनी कक्षा रुंदावली. संकेत किती अचूक पोहोचतो, अर्थ किती नेमका पोहोचतो आणि त्याचा इष्ट परिणाम होतो का, असे तीन स्तर त्यांनी मांडले, आणि पहिल्या स्तरावरचे सिद्धान्त उरलेल्या दोहोंनाही उपयोगी पडतील अशी आशा व्यक्त केली. माणसामाणसांतील व्यवहाराला हे प्रतिमान लावण्याचा मार्ग येथून खुला झाला. डेव्हिड बर्लो यांनी १९६० मध्ये स्रोत, संदेश, वाहिनी व ग्राहक अशी सुटसुटीत मांडणी केली. ती कृषिविस्तार आणि पत्रकारितेच्या शिक्षणात रूढ झाली. विल्बर श्रॅम यांनी १९५४ मध्येच दोन्ही बाजूंच्या अनुभवविश्वाचा आणि प्रतिसादाचा विचार पुढे आणला होता. एकरेषीय प्रतिमानात ऐकणारा निष्क्रिय ठरतो, हा आक्षेप रास्त आहे. तो शॅनन यांच्यापेक्षा त्यांची आकृती समाजाला जशीच्या तशी लावणाऱ्यांना अधिक लागू पडतो. खुद्द शॅनन यांनी १९५६ मध्ये एका छोट्या टिपणातून, माहिती सिद्धान्त वाटेल त्या विषयाला चिकटवू नये, असे सांगितले होते.

एकरेषीय मांडणीच्या मर्यादेचा ठळक पुरावा मराठी मुलखातच मिळाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साह्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापन केली. गावकरी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. केंद्र त्यांची उत्तरे प्रसारित करी. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला. तुलनेसाठी मंडळे नसलेली गावेही घेतली होती आणि त्यांतील काही गावांत रेडिओ होता. मंडळांच्या गावांत शेतीविषयक ज्ञानात मोठी वाढ आढळली. मंडळ नसलेल्या गावांत ती नगण्य होती. १९५९ पासून आकाशवाणीने अशी श्रोतामंडळे देशभर सुरू केली.