सी ड्राइव्हचं स्थलांतर

८ मार्च १९८३ रोजी आयबीएमने ‘पीसी एक्सटी’ हा संगणक बाजारात आणला. त्याच्या पोटात १० एमबीची हार्ड डिस्क होती. तोवर आयबीएमच्या पीसीचा कारभार फ्लॉपीवर चालायचा. डॉसची फ्लॉपी घालून मशीन सुरू करायचं आणि मग ती काढून कामाची फ्लॉपी घालायची. एक्सटीमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर कायमची राहायला आली. काही वर्षांतच ती जागा अपुरी पडू लागली आणि तिला मोठ्या डिस्कवर हलवण्याची वेळ आली.

वरवर पाहता हे काम फायली कॉपी करण्याइतकं सोपं वाटतं. पण तेवढंच करून नवी डिस्क लावली, तर मशीन सुरूच होत नसे. गेल्या चाळीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी हा उद्योग केला, त्यांना एकच गोष्ट नव्याने कळत गेली. सिस्टिमच्या फायली डिस्कवर नेमक्या कुठे आहेत याच्या नोंदी जागोजागी करून ठेवलेल्या असतात, आणि फायली हलल्या म्हणून त्या नोंदी आपोआप बदलत नाहीत.

एक्सटीबरोबर आलेल्या पीसी डॉस २.० चंच उदाहरण घ्या. त्यात ‘आयबीएमबायो’ आणि ‘आयबीएमडॉस’ अशा दोन लपवलेल्या फायली असत. ‘कॉपी’ ही आज्ञा लपवलेल्या फायली उचलतच नसे. कुणी त्या कशाबशा नेल्या तरी भागत नसे, कारण डिस्कच्या मुख्य यादीत त्यांची नावं पहिल्या दोन जागांवरच असावी लागत. मशीन सुरू करणारा चिमुकला प्रोग्रॅम त्यांना तिथेच शोधायचा. त्या प्रोग्रॅमला एकच सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट जागा मिळे, आणि फाइल कुठेही असली तरी हुडकून काढण्याची अक्कल तेवढ्यात बसवणं कठीण होतं. म्हणून ‘सिस’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागे. आधी ‘एफडिस्क’ने पार्टिशन पाडायचं, मग फॉरमॅट मारायचा, सिस्टिमच्या फायली बसवायच्या आणि त्यानंतरच बाकीचा संसार हलवायचा. तो हलवायचा कसा? ३६० केबीच्या फ्लॉपीवर बॅकअप घेऊन. १० एमबीची डिस्क भरलेली असली तर तिसेक फ्लॉप्या लागत. प्रत्येकीवर क्रमांक घालावा लागे आणि त्याच क्रमाने त्या परत चढवाव्या लागत.

त्याच वर्षी डिस्कच्या पहिल्या सेक्टरची रचना ठरली. ५१२ बाइटपैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट पार्टिशनच्या कोष्टकाला आणि शेवटचे दोन खुणेला. कोष्टकात चारच नोंदी बसत, प्रत्येकी १६ बाइटच्या. पार्टिशन कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे, हे प्रत्येक नोंदीत ३२ बिटांच्या आकड्यात लिहिलेलं असे. १० एमबीच्या जमान्यात ही ऐसपैस सोय होती. ३२ बिटांत जास्तीत जास्त २.२ टीबीची डिस्क मावते, आणि ती मर्यादा घरगुती ग्राहकाला जाणवली ती थेट २०१० साली, ३ टीबीच्या डिस्क दुकानांत आल्या तेव्हा. सत्तावीस वर्षं टिकलेला हा निर्णय पीसीच्या इतिहासातल्या सर्वांत दूरदर्शी निर्णयांपैकी एक म्हणायला हवा.

बाकीचे आकडे एवढे टिकले नाहीत. डॉसमध्ये पार्टिशनमधले सेक्टर १६ बिटांत मोजले जात, म्हणून एक पार्टिशन ३२ एमबीपेक्षा मोठं होऊ शकत नसे. ही भिंत १९८७-८८ च्या सुमारास पडली. पुढची भिंत जास्त त्रासदायक ठरली. मदरबोर्डवरच्या बायोस या प्रोग्रॅमला डिस्कचे १०२४ सिलिंडर मोजता येत आणि २५६ हेड. आयडीई डिस्कला सिलिंडर भरपूर चालत, पण हेड फक्त १६. दोघांचं बोलणं जुळायचं तर दोन्हीकडचा लहान आकडा धरावा लागे. १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांचा गुणाकार करून त्याला ५१२ बाइटने गुणलं, की ५२८ एमबी होतात. एकट्या बायोसची मर्यादा ८.४ जीबीची होती. दोघांनी लहान बाजू धरल्यामुळे ग्राहकाच्या हाती तिचा सोळावा हिस्साच उरला.

१९९३-९४ च्या सुमारास मोठी डिस्क घेऊन येणाऱ्याला तिचा ५२८ एमबीच्या पुढचा भाग दिसतच नसे. डिस्क कंपन्या मग सोबत ‘ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर’ची फ्लॉपी देऊ लागल्या. हा प्रोग्रॅम डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून ठाण मांडून बसे आणि डॉस सुरू होण्याआधीच बायोसची गणितं दुरुस्त करे. उपाय कामाचा होता, पण पुढच्या स्थलांतरात तोच आड यायचा. अशी डिस्क काढून नव्या बायोसच्या मशीनला लावली, किंवा कुणी सवयीने पहिला सेक्टर नव्याने लिहिला, तर आतला सगळा डेटा अदृश्य व्हायचा.

पुढच्या भिंती झपाट्याने आल्या आणि पडल्याही: आधी ८.४ जीबी, मग ३३.८ जीबी. या दुसऱ्या वेळी काही बायोस मोठी डिस्क दिसताच जागच्या जागी गोठत. त्यांच्यासाठी कंपन्यांनी डिस्कवर एक खास जंपर दिला. तो लावला की डिस्क स्वतःचा आकार मुद्दाम कमी सांगे. २००१-०२ मध्ये १३७ जीबीची मर्यादा आली, कारण डिस्कचे पत्ते २८ बिटांत लिहिले जात. एटीए-६ या मानकाने ते ४८ बिटांचे केले आणि विंडोज एक्सपीला ही सोय पहिल्या सर्व्हिस पॅकने दिली.

लिनक्सची कहाणी याहून निराळी नव्हती. नव्वदच्या दशकात बहुतेकांकडे वेर्नर आल्मेसबेर्गर यांचा ‘लिलो’ हा बूटलोडर असे. लिलोला फाइल सिस्टिम वाचता येत नसे. कर्नल डिस्कच्या कोणत्या ठोकळ्यांवर आहे त्याची यादी तो एका नकाशात लिहून ठेवायचा. सुरू होताना तो आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटवी, म्हणजे किती अक्षरं आली त्यावरून काम कुठे अडलं ते ओळखता येई. नव्या डिस्कवर सगळं नीट कॉपी करून ‘लिलो’ ही आज्ञा परत चालवायला कुणी विसरलं, तर पडद्यावर ‘एल-आय’ एवढीच दोन अक्षरं येऊन मशीन थांबे. पुढे फाइल सिस्टिम स्वतः वाचू शकणारा ‘ग्रब’ आला आणि ही अडचण बरीच सुटली.

या सगळ्या खटाटोपाला वळण लावलं ते न्यूझीलंडमधल्या एका माणसाने. १९९५ मध्ये ऑकलंडच्या ‘बायनरी रिसर्च’ कंपनीसाठी मरे हॅझर्ड यांनी ‘घोस्ट’ लिहिला. एका फ्लॉपीवर मावणारा हा प्रोग्रॅम डॉसमधून चालायचा. अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करण्याची कल्पना जुनी होती. युनिक्समध्ये ‘डीडी’ ही आज्ञा १९७४ पासून होती आणि ती पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत सगळं उतरवून काढी. पण तिने ५०० एमबीची डिस्क २ जीबीवर उतरवली, की हाती यायचं ५०० एमबीचंच पार्टिशन आणि उरलेली रिकामी जागा. घोस्टला फॅट ही फाइल सिस्टिम समजत होती. तो फायली उचलायचा, नव्या डिस्कवर हव्या त्या आकाराचं पार्टिशन आखायचा, त्यात त्या मांडायचा आणि बूटच्या नोंदी नव्या जागेप्रमाणे लिहायचा. लपवलेल्या फायली, विंडोज ९५ ची लांबलचक नावं, सगळं शाबूत. १९९८ मध्ये सिमँटेकने हे तंत्र विकत घेतलं.

मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा सुट्या भागांतून पीसी जोडून देणाऱ्यांचा मोठा बाजार. असेंबल्ड पीसीचा फायदाच हा, की पुढे नुसती डिस्क बदलता यायची. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्याच्या गावीही एकसारख्या पीसींच्या रांगा उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी एक मशीन मन लावून तयार करायचं आणि त्याची प्रतिमा बाकीच्यांवर उतरवायची, हाच शहाणपणाचा मार्ग होता. अशा नकलांमुळे सगळ्या विंडोजना एकच सुरक्षा क्रमांक मिळतो, ही भीती तेव्हा तंत्रज्ञांना असे. त्यावर ‘न्यूसिड’ हे साधन देणारे मार्क रसिनोविच यांनीच २००९ मध्ये ती भीती निराधार असल्याचं दाखवलं आणि आपलं साधन मागे घेतलं.

विंडोजची खरी मेख दुसरीकडेच होती. पहिल्या सेक्टरमध्ये चार बाइटची एक सही असते. कोणत्या डिस्कला कोणतं अक्षर द्यायचं, हे विंडोज त्या सहीवरून लक्षात ठेवते. एक्सपीच्या काळात नक्कल झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून नवीवरून मशीन सुरू केलं, तर कधीकधी सी हे अक्षर जुन्या डिस्कलाच मिळे आणि नव्या डिस्कवरची विंडोज जुन्या डिस्कवरच्या फायली वापरत राही. चार दिवसांनी जुनी डिस्क काढली, की लॉगिन केल्या केल्या विंडोज लॉगआउट होई. नंतरच्या विंडोज सारख्या सहीच्या दोन डिस्क दिसल्या तर एक ऑफलाइन ठेवतात. ती हट्टाने ऑनलाइन घेतली तर तिला नवी सही मिळते, आणि मग बूटच्या नोंदी जुन्याच सहीचा शोध घेत बसतात.

२००८ नंतर एसएसडी आल्या आणि प्रवास उलटा झाला. इंटेलची एक्स२५-एम पहिल्यांदा आली ती ८० जीबीची, म्हणजे तेव्हाच्या हार्ड डिस्कहून कितीतरी लहान. सिस्टिम आता आकसून न्यायची होती. शिवाय एक्सपी आपलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करी. ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे ४ केबीचा प्रत्येक तुकडा एसएसडीच्या दोन पानांवर विभागला जाई आणि लिहिण्याचा वेग घटे. व्हिस्टापासून ही सुरुवात २०४८ व्या सेक्टरवर गेली. तरी जुनी मांडणी तशीच उचलून आणणाऱ्यांच्या नव्या डिस्क मंद चालत राहिल्या.

नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ मध्ये थांबली. आज तेच काम तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात घडलेला ‘क्लोनझिला’ फुकट करतो. नक्कल झाल्यावर सी ड्राइव्ह वाढवायला गेलात आणि ‘एक्स्टेंड’चा पर्याय फिका दिसला, तर घाबरू नका. विंडोजला सी ड्राइव्हला लागूनच रिकामी जागा हवी असते, आणि मध्ये बहुधा रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. ते ‘जीपार्टेड’ने शेवटी सरकवता येतं. नवी डिस्क पहिल्यांदा सुरू करताना मात्र जुनीची केबल काढून ठेवा, आणि नवीवर आठवडाभर नीट काम होईपर्यंत जुनीला फॉरमॅट मारू नका.