रात्रीचा उत्सव : ब्रिटनीच्या लोकसंगीतात काय टिकले आणि काय निसटले?

१/ परंपरा जपणे म्हणजे ती होती तशीच ठेवणे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. फ्रान्सच्या पश्चिम टोकावरील ब्रिटनी प्रांताच्या लोकसंगीताचा इतिहास या समजाला छेद देतो. आजचा धागा त्याविषयी.

२/ ब्रिटनीची जुनी भाषा ब्रेटन. ती केल्टिक कुळातील, म्हणजे फ्रेंचपेक्षा वेल्शला जवळची. मध्य ब्रिटनीत बटाटे काढण्यासारखी सामूहिक कामे आटोपली की रात्री नाच होई : फेस्ट-नोझ, अर्थात ‘रात्रीचा उत्सव’. नव्या खळ्याची किंवा घराची माती चोपून घट्ट करायची असली, तरी शेजाऱ्यांना नाचायला बोलावीत.

३/ वाद्यावाचून नाच अडत नसे. दोन गायक पुरत. पहिला ओळ गाई. तिच्या शेवटच्या अक्षरांवर दुसरा आवाज मिसळी आणि तीच ओळ पुन्हा गाई. तिच्या अखेरीस पहिला परत सामील होई. दोघांनाही श्वासाला उसंत मिळे, पण स्वर तुटत नसे. या गायकीला ‘कान हा दिस्कान’ म्हणतात.

४/ १८३९ मध्ये ला व्हिलमार्के यांनी ‘बार्झाझ ब्रेइझ’ हा ब्रेटन लोकगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. तो युरोपभर गाजला. पुढे ल्यूझेल या संग्राहकाने त्याच्या अस्सलपणावर जाहीर आक्षेप घेतला आणि वाद पेटला. १९६४ मध्ये दोनासियां लोरां यांना मूळ टिपणवह्या अभ्यासायला मिळाल्या. गाणी खरोखर लोकांकडून ऐकलेली होती. मात्र छापताना त्यांवर संस्कार झाले होते.

५/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेड्यांत अकॉर्डियन आला. धर्मगुरूंनी त्याला ‘सैतानाची पेटी’ ठरवले. बिनिऊ (लहान बॅगपाइप) आणि बोंबार्द (सनईच्या जातीचे वाद्य) वाजवणाऱ्या जोड्या अनेक ठिकाणी मागे पडल्या. आज तोच अकॉर्डियन ‘पारंपरिक’ वाद्यांत गणला जातो.

६/ खरा आघात वेगळाच होता. शेतीत यंत्रे आली, सामूहिक कामे संपली, तसे नाचाचे निमित्तही संपले. शाळेत ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची खूण म्हणून लाकडी बूट अडकवण्याची प्रथा होती. अशा अपमानांतून गेलेल्या पिढीतील असंख्य आईबापांनी, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, आपल्या मुलांशी फ्रेंचच बोलायचे ठरवले.

७/ १९५० च्या दशकात लोइझ रोपार्स या शिक्षकाने पुलाउएन परिसरातील गायकांना पुन्हा एकत्र आणले. खळ्याऐवजी सभागृह, अंगणाऐवजी मंच, समोर मायक्रोफोन. निमित्त बदलले; दोन आवाजांची गुंफण आणि हातात हात घातलेली साखळी मात्र तीच राहिली.

८/ त्याच सुमारास स्कॉटिश वाद्यवृंदाच्या धर्तीवर बॅगपाइप, बोंबार्द आणि ढोल यांचे ‘बागाद’ पथक रुजले. अलान स्तिवेल यांनी केल्टिक हार्पला विद्युत गिटार आणि ड्रम्सची जोड दिली. २८ फेब्रुवारी १९७२ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहातील त्यांची मैफल रेडिओवरून थेट प्रक्षेपित झाली. ज्या ओळखीची लाज वाटायला शिकवले गेले होते, ती तरुणांना अभिमानाची वाटू लागली.

९/ २०१२ मध्ये युनेस्कोने फेस्ट-नोझचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. नाच आजही रात्रभर रंगतो.

१०/ पण याच युनेस्कोच्या नकाशात ब्रेटन भाषा ‘गंभीररीत्या संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे. १९७७ पासून दिवान शाळा ब्रेटनमधून शिक्षण देत आहेत. तरीही भाषकांतील मोठा वाटा वृद्धांचा आहे. साखळीत नाचणाऱ्या अनेकांना गाण्याचे शब्द कळत नाहीत.

११/ म्हणून ‘परंपरा की आधुनिकता’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. मायक्रोफोनने आणि गिटारने या संगीताचे नुकसान केले नाही. उलट त्याला नवे श्रोते दिले. हानी झाली ती वर्गात आणि घरात, जिथे एका पिढीने दुसरीशी आपल्या भाषेत बोलणे थांबवले. कान हा दिस्कानचा नियम साधा आहे : पहिल्याची ओळ संपण्याआधी दुसऱ्याने ती उचलायची. भाषेच्या बाबतीत नेमकी तीच वेळ हुकली.