नाव एक, लिहिणारे अनेक

वाचकहो, संतांनी अभंगाच्या शेवटी मुद्रा घातली ती नावाची, आडनावाची नव्हे. नामा, जनी, तुका एवढ्यावर ओळख पटते. नामदेवराय रेळेकर, तुकोबारायांचे घराणे मोरे आणि आडनाव आंबिले, हे आपण चरित्रात सांगतो. देवाच्या दारी त्याची पुसापुस नाही, पण कचेरीच्या दारी आहे. म्हणून आज आडनावाचे चिंतन करू, आणि दृष्टांत घेऊ डहाणू-तलासरीचा.

जिव्या सोमा म्हसे हे नाव आपण ऐकले असेल. लग्नघराच्या भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने काढायची वारली चित्रे त्यांनी कागदा-कापडावर आणली आणि देशोदेशी पोहोचवली. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढचे आयुष्य डहाणू तालुक्यातल्या गंजाडला गेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ च्या मे महिन्यात ते निवर्तले. आता त्यांचे आडनाव पाहा. कोठे म्हसे छापलेले आढळते, कोठे मशे, कोठे माशे. माणूस एक, आडनावे तीन!

असे कसे होते ते पाहा. ‘म्ह’ हा आपल्या मराठीचा खास ध्वनी. इंग्रजीत ‘म्हसे’ लिहायचे तर एम, एच, ए, एस, ई. त्यातला एच दोन घरे पुढे सरकला की एम, ए, एस, एच, ई. अक्षरे तीच, एक कमी नाही की जास्त नाही. पण वाचणारा ‘मशे’ नाही तर ‘माशे’ वाचतो. मग ते इंग्रजी पाहून कोणी पुन्हा मराठीत उतरवतो, आणि घरून निघालेले नाव वेगळ्याच वेषात घरी परत येते.

वेष बदलला की मूळही बदलल्यासारखे वाटते. म्हसे म्हटले की कानाला म्हैस आठवते, म्हसोबा आठवतो. माशे म्हटले की डहाणू बंदरावरचे मासे आठवतात. नुसत्या अक्षरावरून व्युत्पत्ती सांगणारा असा फसतो. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचा उच्चार ऐकावा, मग अर्थ लावावा. आपणही पाठभेद पडला तर फडावरच्या जाणत्याला विचारतोच ना?

नाव बदलते यात कोणाचा दोष आहे असे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. ज्या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, त्यांत ‘दाहनुका’ आहे. अभ्यासक ती डहाणूची नदी मानतात. द चा ड झाला, न चा ण झाला, आणि डहाणूवरून डहाणूकर हे आडनावही झाले.

गावाचे असे भागते, पण गरिबाच्या लेकराचे भागत नाही. वारली ही अनुसूचित जमात. अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा, म्हणून जातपडताळणीत त्याआधीच्या नोंदींना मोठे वजन. शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा कागद, सारे जुळावे लागते. आजाचे आडनाव एकाने ‘म्ह’ने लिहिले, नातवाचे दुसऱ्याने ‘मा’ने, तर रक्ताचे नाते सिद्ध करता करता मुलाची दमछाक होते. प्रवेशाची मुदत मात्र थांबत नाही.

दप्तरही एका ठिकाणी नाही. १ मे १९६० रोजी उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, तलासरी इकडे राहिली. एकाच कुळाच्या दोन शाखा दोन राज्यांत आणि दोन लिप्यांत गेल्या. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधीच्या कागदांवर ठाणे जिल्हा.

तेव्हा माउली, एक करा. म्हातारी माणसे आहेत तोवर एक वही घाला. आजा, पणजा, त्यांचा पाडा, भाऊबंद आणि आडनावाचा घरातला उच्चार लिहून ठेवा. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला त्र्यंबकेश्वरी जाल, तेव्हा क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळीत आपल्या घराण्याची नोंद असेल तर तीही उतरवून घ्या. लेकराला शाळेत घालताना गुरुजींनी काय लिहिले ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर कोणाकडून वाचून घ्या. त्याच दिवशीची दुरुस्ती सोपी असते. पुढे प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि हेलपाटे.

विठू म्हणा, विठाई म्हणा, पांडुरंग म्हणा, तो प्रत्येक हाकेला ओ देतो. कागद तसा ओ देत नाही. त्याला नाव एकाच रीतीने सांगावे लागते.

रामकृष्ण हरी.